मला सुकायला शिकव

मारोतीराया, जामसांवलीच्या पिंपळाखाली आडवा झालेल्या देवा, ऐक.

इतर गावांत तू उभा असतोस. वेशीवर, शेंदराने माखलेला, गदा उगारून. आमच्याकडे तू निजलास. जुनी माणसं सांगतात, एके काळी इथेही तू उभाच होतास. तुझ्या पायाखाली धन पुरलंय या आशेने कुणी तुला हलवायला आलं आणि तू आडवा झालास, मग कितीही जोर लावला तरी जागचा हलला नाहीस. खरं-खोटं तुझं तू जाण. 2023 साली आमचा जिल्हा बदलला, छिंदवाड्यातून सुटून पांढुर्णा झाला; तुझा पत्ता तोच राहिला. सौंसरहून, पांढुर्ण्याहून, पार नागपूरहून माणसं आपापली दुखणी घेऊन येतात, तुझ्या नाभीचं तीर्थ ओंजळीत घेतात, आणि ‘देव झोपलाय, उद्या येऊ’ म्हणून कुणी माघारी जात नाही. तू निजलेला आहेस आणि जागाही आहेस, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

म्हणून हे मागणं तुझ्यापाशी आणलंय.

देवा, मी पाऊस मागत नाही. पाऊस मागणारे पुष्कळ आहेत, त्यांचं ऐक. मला सुकायला शिकव.

आमच्या संत्र्याच्या बगीच्यात विहीर आहे. विहिरीला दगडी कठडा आहे. कठड्याच्या पायथ्याशी, धुऱ्याकडच्या उघड्या मातीवर, उन्हाळाभर काळ्या खपल्या पडलेल्या असतात. नखाएवढ्या, कडा मुडपलेल्या. बोटांत धरली की कुरकुरते, दाबली की चुरा होतो. शाळेत मी पोरांना सांगते, हा नॉस्टॉक, निळं-हिरवं शेवाळ; खरं म्हणजे शेवाळही नव्हे, सायनोबॅक्टेरिया, जात जिवाणूची आणि जेवण झाडासारखं उन्हावर. येणारे-जाणारे या खपल्यांवर पाय देऊन पुढे जातात. भर उन्हाळ्यात मी त्यातली एक खपली बशीत ठेवली, वर पाण्याचे थेंब सोडले आणि भिंग धरून बसले. आधी काहीच नाही. मग एक कडा उचलली. मुडपलेलं उलगडलं. काळ्यातून तपकिरी, तपकिरीतून काळपट हिरवा रंग वर आला, आणि बघता बघता ती बोटाखाली गुबगुबीत, बुळबुळीत झाली. मेलेली समजून जिच्यावरून आम्ही चालत होतो, ती स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पिऊन बसली होती.

तेव्हा मला तुझी आठवण आली, देवा. हसू नकोस.

समुद्राच्या काठावर सगळी वानरसेना हात टेकून बसली होती. पलीकडे लंका, मध्ये पाणी, आणि तू एका बाजूला गप्प. जांबवंत उठला, तुझ्याजवळ आला आणि त्याने तुला तुझं बळ आठवून दिलं. नवं बळ दिलं नाही. द्यायला त्या म्हाताऱ्याजवळ काही नव्हतंच. तुझं तुझ्याजवळ होतं, तू विसरला होतास. या खपलीतही तेच घडतं. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात मातीच्या वरच्या पापुद्र्यात तिचा एक भाऊबंद राहतो, मायक्रोकोलियस. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2004 साली दाखवून दिलं, की तो वाळलेला पापुद्रा भिजला की पाच मिनिटांच्या आत त्याचं प्रकाशाचं यंत्र निम्म्याहून जास्त चालू होतं. तेवढ्या वेळात नवी प्रथिनं घडवून व्हायची नाहीत, आणि सुरुवातीला त्यांच्यावाचून त्याचं अडतही नाही. यंत्र घरातच असतं, सुटं करून, सांभाळून ठेवलेलं. पाणी येतं ते आठवण द्यायला.

मला नवं बळ नको, मारोतीराया. जे दिलंस ते कोरड्या दिवसांत मोडू न देता ठेवण्याची अक्कल दे.

आणि कुणीतरी जांबवंत धाड. वेळेवर धाड.

मी काय आहे ते तुझ्यापासून लपलेलं नाही. तुझ्यापुढे डोळे मिटते तेव्हाही माझ्या मनात यादीच असते. मोटार जळू नये, संत्र्याला भाव यावा, पोराची नोकरी टिकावी, गुडघा दुखू नये. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागलं की मी तोंडाने ‘बरं झालं’ म्हणते आणि पोटात आग पडते. एक उन्हाळा कोरडा गेला की वाटतं, देवाने आपल्याकडे पाठ फिरवली. दोन पावसाळे चांगले झाले की तुझ्याकडे यायला सवड होत नाही. प्रकाशसंश्लेषणाचा धडा मला तोंडपाठ आहे, फळ्यावर बाण काढत काढत मी तो वर्षानुवर्षं शिकवत आले, आणि त्या बाणांच्या टोकाला माझाच श्वास आहे हे ध्यानात घेऊन तुझ्यापुढे कधी हात जोडले नाहीत.

आज जोडते.

तू वाऱ्याचा पोर. तुझ्या बापाच्या अंगात जो प्राणवायू आहे तो तिथे पहिल्यापासून नव्हता. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साठू लागला, आणि तो भरला या काळ्या खपलीच्या पूर्वजांनी, पाण्याचा रेणू फोडून फोडून. ज्या यंत्राने पाणी फुटतं त्याच्या गाभ्यात मँगनीजचे चार अणू आणि कॅल्शियमचा एक, एवढीच पुंजी. आणि मँगनीज म्हणशील तर आमच्याच भुईत. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत सौंसरच्या नावाने खडकांची अख्खी मालिका आहे. नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाड्याच्या पट्ट्यात खाणींतून जे मँगनीज निघतं ते त्याच खडकांतलं. ज्या धातूसाठी आम्ही डोंगर पोखरले, त्याचे चार अणू घेऊन या इवल्या जिवांनी साऱ्या पृथ्वीची हवा बदलली. संत्र्याच्या पानातला हिरवा कण हाही मुळात असाच एक सायनोबॅक्टेरिया, फार फार पूर्वी दुसऱ्या पेशीत राहायला गेला आणि तिथलाच होऊन बसला.

त्या चार अणूंसाठी तुझे आभार, देवा. पानासाठी आभार. आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या प्रत्येक श्वासासाठी आभार. न मागता दिलंस त्यासाठी तर फारच.

पण मागायचं आहे ते अजून मागून झालं नाही.

वाळलेल्या जिवाला तहानेइतकीच भीती उजेडाची असते, हे मला फार उशिरा कळलं. पाणी आहे तोवर पकडलेला प्रकाश कामाला लागतो. पाणी गेलं की कामच थांबतं, ऊन मात्र पडतच राहतं. मग पकडलेली ऊर्जा जायला वाट न मिळून आतच धुमसते, प्राणवायूला विखारी करते आणि पेशीच जाळते. म्हणून ही खपली सुकताना आपली कवाडं ओढून घेते. प्रकाश झेलणारा पसारा यंत्रापासून सोडवते, जे झेललं जाईल ते ऊब करून सोडून देते. अंगावर स्कायटोनेमिन नावाचं तपकिरी रंगद्रव्य पांघरते आणि उन्हातले अतिनील किरण त्याच्यावर घेते. आत ट्रेहॅलोज नावाची साखर साठवते, भोवती स्वतःच्याच बुळबुळीत द्रवाचं वेष्टण ठेवते, म्हणजे पाणी गेलं तरी आतली मांडणी कोसळत नाही. आपल्याकडच्या किती दगडी देवळांच्या भिंती काळ्या पडतात आणि आम्ही म्हणतो, मळल्या, घासून काढा. तो काळेपणा म्हणजे पुष्कळदा उन्हात तग धरून बसलेली वस्ती असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात आणि गोटमारीचे दगड उडतात. त्या दगडांतल्याही एखाद्याच्या पाठीवर असा एखादा जीव चिकटलेला असेल, कोण जिंकलं याची खबर नसलेला.

देवा, मी कोरडी असेन तेव्हा मला झगमगाटात नेऊ नकोस.

माझ्याच्याने काम होत नसेल त्या दिवसांत माझी हाव मिटव. जेवढं पेलवेल तेवढंच डोळ्यांत येऊ दे. कुणी मला काळी म्हणो, मळलेली म्हणो, संपलेली म्हणो, मला उत्तर द्यायला लावू नकोस. पांघरूण दे. गप्प बसायची ताकद दे.

आणि एक सांगू? मला सावकाश सुकव.

हे मी त्या खपलीच्या कुळाकडूनच शिकले. वाळवंटातल्या या जिवांवर काम करणाऱ्यांना आढळलं, की सुकण्याचा वेग फार असला तर ते पुन्हा नीट उठत नाहीत. हळूहळू सुकले तर उठतात. रात्री दव पडतं, पहाटेचा उजेड येतो, ऊन तापायला अजून अवकाश असतो, आणि तेवढ्यात ते दिवसाची तयारी करून टाकतात. पुढे कोरड पडणार हे त्यांना पहिल्या उजेडातच उमगतं. त्यांना आवराआवर करायला तेवढी एक सकाळ लागते.

मला ती सकाळ दे.

माझी राहू दे, देवा, आधी त्यांना दे ज्यांना ती मिळाली नाही. आमच्या या कापसाच्या, तुरीच्या, संत्र्याच्या मुलखात, इकडे सौंसर-पांढुर्ण्याला आणि तिकडे वऱ्हाडात, अशी घरं आहेत जिथे एका रात्रीत सगळं पाणी तुटलं. एक गारपीट, एक कर्जाची नोटीस, एक दवाखान्याचं बिल. आवरायला वेळच मिळाला नाही. ती माणसं कमकुवत नव्हती, मारोतीराया. त्यांचं सुकणं फार भरभर झालं. त्यांच्या मागे राहिलेल्या बायका तुझ्या दारात येतात तेव्हा त्यांना ‘धीर धर’ एवढंच सांगू नकोस. त्यांच्या पोरांच्या शाळेची फी कुणाच्या तरी मनात घाल. त्यांच्या दारात माणूस धाड. आणि त्यांच्या घरावरून जाताना मी मान खाली घालून पुढे निघू लागले, तर माझा पदर धरून थांबव.

थांबव मला. मी थांबेन.

आम्ही संत्रेवाले ताण म्हणजे काय ते जाणतो. आंबिया बहार धरायचा तर हिवाळ्यात बगीच्याचं पाणी तोडावं लागतं. झाड मलूल होतं, पानं पिवळी पडतात, काही गळतात, तेव्हा म्हणायचं, ताण बसला. मग पाणी सोडायचं. पहिलं पाणी हलकं, पुढचं भरपूर. मग फांदी-फांदी फुलून येते आणि शिवारभर वास सुटतो. पण ताण सगळ्यांना सारखा देऊन चालत नाही. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त. ज्याला आपल्या जमिनीची पारख नाही त्याने ताण द्यायला जाऊच नये. दिवस टळले की फांद्या वाळतात, सल धरते, आणि मग फूल सोडा, झाड वाचवायची पाळी येते. माझ्या बापाला ही पारख होती. तो सकाळी बगीच्यात जायचा, एक पान हातात घेऊन जरासं दुमडायचा आणि सांगायचा, आज नाही, परवा.

देवा, तूही माझं पान हातात घेऊन बघ. माझी जमीन हलकी आहे, तुला माहीत आहे. द्यायचाच असेल तर ताण दे, मी कुरकुरणार नाही, कुरकुरले तरी मनावर घेऊ नकोस. पण दिवस मोजत राहा. आणि पाणी सोडशील तेव्हा पहिलं हलकं सोड.

तुटण्याचं म्हणशील तर मी तुटणारच. सुकताना आतल्या डीएनएचे धागेसुद्धा तुटतात. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ॲनाबीना नावाच्या सायनोबॅक्टेरियावर काम झालं, 2013 साली ते छापून आलं. गॅमा किरणांचा जबर मारा आणि कोरडं पडणं, दोन्ही सोसून तो पुन्हा वाढीला लागला; तुटलेलं जोडून घेणं हेच त्याचं बळ निघालं. गॅमा किरण त्याच्या वाट्याला कधी आले असतील? पण कोरड वाट्याला आली, पुन्हा पुन्हा आली, आणि जो कोरडीत जोडायला शिकला त्याला त्या माराचंही फार वाटेना.

मला जोडायला शिकव. भावाशी तुटलेलं बोलणं जोडायला. आईच्या माघारी तुटलेला सण जोडायला. सकाळी उठून अंगण झाडण्याइतकं साधं जे तुटलंय, ते आधी.

आता शेवटचं मागते, मारोतीराया, आणि यात घाई करू नकोस.

जर्मनीतल्या कॉन्स्टन्झ विद्यापीठातल्या लोकांनी 1984 साली सुकलेला नॉस्टॉक भिजवला आणि त्याच्यात काय आधी परततं, काय मागून, ते तपासलं. सगळ्यांत आधी श्वास परतला. मग प्रकाशाचं काम. आणि सगळ्यांत शेवटी हवेतलं नत्र बांधण्याचं काम, ज्याच्यामुळे माती सुपीक होते, दुसऱ्याच्या मुळांना खायला मिळतं. हाच क्रम. बनारसच्या आर. एन. सिंह यांनी 1950 साली सांगितलं की या निळ्या-हिरव्या जिवांना पावसाच्या पाण्यात वाढू दिलं तर उसर, पांढरी फटफटीत पडलेली जमीनसुद्धा सुधारते. एवढं मोठं देणं ज्याच्या अंगात आहे, तोही भिजल्याबरोबर द्यायला धावत नाही. आधी श्वास घेतो.

तर माझ्याकडून पहिल्याच दिवशी फळ मागू नकोस, देवा. पाणी आल्यावर मला आधी नुसता श्वास घेऊ दे. लोक म्हणतील, अजून बसूनच आहे, म्हणू देत. मग मला उजेडाकडे बघू दे, थोडं माझ्यापुरतं शिजवू दे, शाळेत जाऊ दे, फळ्यावर बाण काढू दे. आणि मग, माझं मला पुरायला लागलं की, माझ्यातून काहीतरी मातीत उतरू दे. ते कुणाच्या मुळाशी गेलं हे मला कळलं नाही तरी चालेल. पण ते उतरल्याशिवाय मला पुन्हा सुकवू नकोस.

आधी श्वास दे. मग उजेड दे. मग देता येऊ दे.

पाऊस कधी पाडायचा, कुठे पाडायचा, ते तुझं तू बघ. पहिली सर माझ्या धुऱ्यावर नाही, शेजाऱ्याच्या धुऱ्यावर पडली तरी चालेल. तिथली खपली फुगताना पाहून मी ‘बरं झालं’ म्हणेन. ते पोटातून म्हणता यावं एवढं मन मात्र मला आजच दे.